पिकअपचा हौदा नऊ फुटी की दहा फुटी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पिकअप घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न हौद्याच्या, म्हणजे माल ठेवायच्या मागच्या भागाच्या, लांबीचा असतो आणि वजनाचा विचार पहिली फेरी झाल्यावर येतो. या वेळी आलेल्या पत्रांतही तेच दिसलं. म्हणून हौदा, फाळका (हौद्याची मागची उघडणारी बाजू) आणि वाढीव जागा या विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमचा कांदा लासलगावला आणि टोमॅटो पिंपळगावला जातो. जुनी गाडी नऊ फुटी आहे. नवीन घेताना दहा फुटी घेतली तर एका फेरीत किती जास्त माल जाईल? (शेतकरी, निफाड तालुका)

दादा, कांद्यासाठी तो एक फूट फारसा उपयोगाचा नाही. आकडेच मांडून बघू. दहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात मोकळा कांदा दोन फूट उंचीपर्यंत सपाट भरला, तर 110 घनफूट माल बसतो. म्हणजे तीन घनमीटरहून थोडा जास्त. कांदा घनमीटरला साडेपाचशे ते सहाशे किलोच्या आसपास भरतो. हिशेब सतराशे ते साडेअठराशे किलोंवर जातो. 1.7 टनी गाडीची क्षमता तिथेच संपली, आणि हौद्याच्या वर जाळी लावून शीग चढवायची बाकीच आहे. नऊ फुटी हौदाही त्याच उंचीला दीड टनापुढे जातो. कांद्यात जागा संपायच्या आधी वजन संपतं.

टोमॅटोचं गणित थोडं वेगळं. कॅरेट साधारण 54 बाय 36 सेंटिमीटरचं असतं. दहा फुटी हौद्यात आडवी तीन आणि लांबीत आठ, अशी एका थरात 24 बसतात. नऊ फुटीत लांबीत सातच बसतात, म्हणजे 21. रिकाम्या कॅरेटसह बावीस किलो धरले तर दहा फुटीचे तीन थर 1,584 किलो होतात. चौथा थर लावला की दोन टन ओलांडले. इथे दहा फुटीचा फायदा असा, की तेवढाच माल एक थर कमी उंचीवर बसतो, खालची कॅरेट दबत नाहीत आणि वळणावर गाडी कमी झुलते. तुमचं कॅरेट वेगळ्या मापाचं असेल, तर हौद्याचं आतलं माप घेऊन हा हिशेब स्वतः करा.

लांब हौदा खऱ्या अर्थाने लागतो तो कोथिंबीर, मेथी, झेंडू, रिकामी कॅरेट अशा फुगीर पण हलक्या मालाला. तुमच्या वर्षभराच्या फेऱ्यांत असा माल निम्म्याहून जास्त असेल, तर दहा फुटी डोळे झाकून घ्या. बाजारात 1.3 टनापासून 2 टनांपर्यंतच्या पिकअप आहेत. महिंद्राच्या बोलेरो मॅक्समध्ये 3,050 मिलिमीटरचा, म्हणजे दहा फुटी हौदा मिळतो. टाटाची योद्धा 2.0 दोन टनी आहे. आरसीवरचं भरलेलं वजन वजा रिकामं वजन, त्यातून चालक आणि हमालाचे दीडशे किलो वजा, एवढाच तुमचा माल. आणखी एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही. माल धरून एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वरची गाडी घेणार असाल, तर तो खर्चही धरा.

प्रश्न : हौदा मागून दीड फूट वाढवून देतो असं एक बॉडीवाला सांगतोय. चेसीला पट्ट्या मारून वेल्डिंग करायचं. मागच्या स्प्रिंगचे पाटेही एक-एक वाढवतो म्हणतो. करून घेऊ का? (मालवाहतूक व्यावसायिक, अंबड)

नका करू. हे उत्तर मला जरा विस्ताराने द्यायचं आहे, कारण नाशिकमध्ये द्वारका ते आडगाव रोज अशा गाड्या दिसतात.

वजन मागच्या चाकांच्या मागे गेलं की ते नुसतं मागच्या अॅक्सलवर (चाकांच्या आसावर) बसत नाही, पुढची चाकं उचलायला लागतं. समजा, दोन्ही अॅक्सलमधलं अंतर 3.2 मीटर आहे आणि वाढवलेल्या भागात तुम्ही 300 किलो ठेवलेत, मागच्या अॅक्सलच्या एक मीटर मागे. मागच्या अॅक्सलवर 300 नाही, जवळजवळ 394 किलो वाढतात. ते वरचे 94 पुढच्या चाकांवरून निघून येतात. ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना उलाळ झालेली, म्हणजे मागे वजन जास्त होऊन पुढून उचललेली, गाडी कशी चालते ते सांगायला नको. पिकअपमध्ये तेच होतं. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. कसारा घाटात पावसाळी धुक्यात किंवा चांदवडजवळ राहुड घाट उतरताना पुढची चाकं रस्ता सोडायला लागली, तर पाटे कितीही असोत, उपयोग नाही. पाटा वाढवल्याने गाडी मागून बसलेली दिसत नाही एवढंच. टायर, अॅक्सल, ब्रेक होते तेच राहतात. चेसीवरच्या वेल्डिंगपाशी धातूची ताकद कमी होते आणि तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो.

आता कायदा. मागच्या अॅक्सलपासून गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर अॅक्सलमधल्या अंतराच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. 3.2 मीटरला ही मर्यादा 1.92 मीटर येते. पण त्या मर्यादेत राहूनही हवा तसा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात दावा नाकारण्याचं कारण आयतं जातं. जागा खरोखर कमी पडत असेल, तर जुनी गाडी विकून कंपनीचीच लांब हौद्याची घ्या.

सध्याच्या गाडीची शंका असेल, तर भुईकाट्यावर एक काम करा. आधी पूर्ण भरलेली गाडी तोला, मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर काढून फक्त मागची तोला. मागच्या अॅक्सलची मर्यादा गाडीच्या कागदांत असते. ती ओलांडली असेल, तर तोच माल केबिनच्या भिंतीला लावून पुन्हा रचा आणि पुन्हा तोला. पैसे न घालता किती फरक पडतो ते काट्यावर दिसेल.

प्रश्न : दुकानात वीस फुटी पाइप आणि लोखंडी अँगल येतात. द्राक्षबागेच्या मांडवासाठी गिऱ्हाइकाला शेतावर पोचवावे लागतात. फाळका उघडा टाकून, टोकाला लाल फडकं बांधून नेले तर चालतं ना? (हार्डवेअर दुकानदार, दिंडोरी रोड)

नाही चालत. पूर्वी नियमात मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर येण्याची सूट होती, ती 2014 मध्ये काढली गेली. आज माल गाडीच्या मागच्या टोकाबाहेर, हौद्याच्या पुढे केबिनवर किंवा बाजूला, कुठेच येता कामा नये. कलम 194(1अ) प्रमाणे दंड 20,000 रुपये आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ही सूट गेली ती माणसं गेल्यामुळे. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला सळईचं किंवा अँगलचं टोक दिसत नाही आणि ते नेमकं त्याच्या छातीच्या उंचीवर असतं. फडक्याने यातलं काही बदलत नाही. त्यात मालवाहू पिकअपचा उघडा फाळका खाली लोंबला, तर बऱ्याच गाड्यांत मागचे दिवे आणि नंबरपाटीही झाकली जाते.

मग करायचं काय? मांडवाचे अँगल मोजमापाप्रमाणे दुकानातच कापून द्या, नाहीतरी शेतावर ते कापायचेच असतात. प्लंबिंगचे पाइप 3 मीटर लांबीतही मिळतात आणि दहा फुटी हौद्यात ते बसतात. आतलं माप 3,050 मिलिमीटर आहे ना, तेवढं आधी टेपने बघा. ठिबकच्या नळ्या बंडलातच येतात, त्यांची अडचण नाही. वीस फुटीच द्यायचे असतील, तर चार गिऱ्हाइकांचा माल एकत्र करून वीस फुटी हौद्याचा ट्रक भाड्याने घ्या.

प्रश्न : आमच्याकडे डबल कॅबिन पिकअप आहे. हौदा जेमतेम पाच फूट. उघड्या फाळक्यावर बसणारा पिंजऱ्यासारखा एक्स्टेंडर ऑनलाइन मिळतो. तो घ्यावा का? अमेरिकेत तर हौदाच केबिनमध्ये वाढतो म्हणे! (रोपवाटिकाचालक, गंगापूर रोड)

ताई, टोयोटा हिलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाड्यांत पाच माणसांच्या आसनांनी हौद्याची लांबी खाल्लेली असते. फाळका उघडला की दीडेक फूट मिळते आणि तुम्ही म्हणता तो नळ्यांचा यू आकाराचा पिंजरा तिथे माल सांडू देत नाही. पण तो भार फाळक्याच्या बिजागऱ्यांवर आणि दोन तारांवर येतो, शिवाय माल हौद्याबाहेरच राहतो. म्हणून रस्त्यावर तो वापरू नका. हाच पिंजरा आत उलटा फिरवून फाळका बंद केला, तर हौद्याचे दोन भाग पडतात. रोपांच्या पिशव्या त्यात आडव्या होत नाहीत. तुमच्या कामाला हा उपयोग जास्त मोलाचा आहे. उंच रोपं उभी ठेवा आणि वरून जाळी बांधा, वाऱ्याने पानं फाटतात. आठ बाय चारचा प्लायवूड मात्र या हौद्यात सपाट बसत नाही, कारण चाकांच्या कमानींमधलं अंतर चार फुटांहून कमी असतं.

अमेरिकेतलं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे आणि मला ती रचना मनापासून आवडते. शेव्हरोलेने 2001 मध्ये अॅव्हलांच गाडीत केबिन आणि हौद्याच्या मधली भिंतच घडीची केली. आताच्या इलेक्ट्रिक सिल्व्हराडोत 5 फूट 11 इंचांचा हौदा मधली भिंत आणि मागचं आसन पाडल्यावर नऊ फुटांच्या पुढे जातो. फाळका उघडून त्यावरचा माल अडवणारा अडसर वापरला तर 10 फूट 10 इंचांपर्यंत. यात खरी हुशारी लांबी कुठल्या दिशेने वाढते त्यात आहे. ती पुढे वाढते, म्हणजे जास्तीचं वजन दोन्ही अॅक्सलच्या मध्ये येतं. ही गाडी आपल्याकडे विकली जात नाही.

प्रश्न : कंपनीच्या पत्रकात दिलेली लांबी आतली की बाहेरची? (सिन्नर)

मालवाहू पिकअपमध्ये बहुधा आतली. तरी शोरूममध्ये फाळका बंद करून, केबिनच्या भिंतीपासून फाळक्याच्या आतल्या बाजूपर्यंत तळाशी टेप लावा आणि रुंदी चाकांच्या कमानींमध्येही मोजा. आकडा कोटेशनवर लिहून घ्या.