आजोबांचं ट्राय-अँग कंपनीचं खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन घुमतं, पण हलत नाही. मोटर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की 12 व्होल्ट दिले की इंजिन नुसतं घूं करतं, जागचं हलत नाही आणि तापून जळका वास येतो. मोटर बदलू नका. आधी करंट बंद करा, कारण अडकलेल्या मोटरला वीज देत राहिलात तर वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, खरंच जळेल.

आत एक्स-झिरो-फोर ही उघड्या सांगाड्याची मोटर असेल, तर बहुतेक वेळा दोष जुन्या तेलाचा असतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात माळ्यावरच्या डब्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. तेल आटून डिंक होतो. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, बोटाने फिरवून बघा. चाकं धरून जोर लावू नका. मध्ये वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आहे, चाकाकडून मोटर फिरत नाही, उगाच दाते जातात.

आता कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तो भाग ज्यावर कोळशाचे ब्रश टेकून वीज देतात. तांब्याचे तीन तुकडे आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी. ब्रशचा कोळसा त्या फटींत भरला की शेजारचे तुकडे आपसात जोडले जातात आणि मोटर तापते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने तांबं पुसा, फटी दात कोरायच्या काडीने. पॉलिश पेपर अजिबात नको. ब्रश दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एका पायावर इन्सुलेशनची छोटी नळी असते. साफसफाईत ती पडली तर सरळ शॉर्ट, म्हणून स्प्रिंग काढण्याआधी फोटो काढा.

मग मीटरने कम्युटेटरच्या तुकड्यांच्या तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा, ब्रश बाजूला करून. आकडे जवळपास सारखे आले तर वाइंडिंग शाबूत. एकच वेगळा आला, तरच दुसरं आर्मेचर शोधा.

लोहचुंबक मात्र काढू नका. मी माझ्या पहिल्या इंजिनाचं काढलं होतं, जागेवर परत बसवलं, पण ताकद गेली ती गेलीच. तेव्हापासून ते इंजिन दोन डब्यांपलीकडे ओढत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. काढावंच लागलं तर दोन्ही टोकांना जोडणारा लोखंडाचा तुकडा लावूनच काढा.

शेवटी शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, दोन्ही बेअरिंगला. कम्युटेटरला थेंबही नको. इंजिन उलटं धरून 5-6 व्होल्टवर सुरू करा. तरीही अडखळलं तर ब्रशजवळचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.