‘ड्रकोनियन’ लिहिण्याआधी

प्रिय बेटा,

नागपूर खंडपीठातल्या सुनावणीची तुझी बातमी वाचली. ‘ड्रकोनियन’, म्हणजे गुन्ह्याच्या मानानं फारच कठोर, हे विशेषण तू कायद्यालाही लावलंस आणि मे महिन्यातल्या उन्हालाही. उन्हाचं आधी काढ. ऊन कोणी शिक्षा म्हणून फर्मावत नाही. मैदानी भागात पारा 47 अंशांवर गेला की हवामान खातं ‘उष्णतेची तीव्र लाट’ म्हणतं, तेच लिही.

हा शब्द ड्रॅको या माणसाच्या नावावरून आला. त्यानं इ.स.पू. 621 च्या सुमारास अथेन्सचे कायदे पहिल्यांदा लेखी केले. तोवर ते तोंडी होते आणि उमराव घराणी त्यांचा सोयीनं अर्थ लावत, म्हणून लेखी कायदा हीच मोठी सुधारणा होती. पण शिक्षा भयंकर. आळशीपणाला मृत्युदंड, भाजीपाला चोरला तरी मृत्युदंड, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तो सुमारे सातशे वर्षांनंतरचा, त्यामुळे त्याच्या तपशिलावर सगळी भिस्त ठेवू नकोस. शिक्षा कडक होत्या हे मात्र ॲरिस्टॉटलही नोंदवतो.

अथेन्सचाच पुढचा कायदेकर्ता सोलोन, त्यानं इ.स.पू. 594 च्या सुमारास हे कायदे रद्द केले, मनुष्यवधाचा तेवढा ठेवला. तो पुढे इ.स.पू. 409 मध्ये दगडावर पुन्हा कोरला गेला आणि झिजलेल्या अवस्थेत आजही आहे. तो नीट वाचण्यासारखा आहे. हेतू नसताना हातून खून झाला तर हद्दपारी. मृताचे वडील, भाऊ, मुलगे सगळे राजी असतील तर माफी. एकानंही नकार दिला तर माफी नाही. ड्रॅकोचा हाती उरलेला एकमेव कायदा असा तोलूनमापून केलेला आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून लिहिताना दोन गोष्टी शेजारी ठेव: गुन्हा केवढा, शिक्षा केवढी. सीताबर्डीत रेषेबाहेर आलेली हातगाडी मागे घ्यायला लावली तर ती कडक अंमलबजावणी. त्याच चुकीसाठी तुरुंगवास ठेवला तर ‘ड्रकोनियन’ शोभेल. ‘ड्रॅस्टिक’शी, म्हणजे ‘टोकाचा’ या शब्दाशी, गल्लत करू नकोस, त्याचं मूळ ‘करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे, आणि ड्रॅस्टिक उपाय हिताचाही असू शकतो.

मराठी बातमीत ‘अन्यायकारक कठोर’ पुरे. ‘जाचक’ सौम्य पडतं. आणि शब्द वकिलांचा असेल तर अवतरणात, त्यांच्या तोंडी ठेव; आपल्या वाक्यात घेतलास तर तो तुझा निवाडा होतो, आणि प्रकरण अजून न्यायालयात आहे.