कार्ड चांगलं, प्लग ढिला

प्रश्न : काका, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, १२ रॅपियर माग. एका मागाचं कंट्रोल कार्ड दर पंधरा-वीस दिवसांनी बंद पडतं. वायरींचा प्लग काढून परत खोचला की माग सुरू! दुरुस्तीवाला म्हणतो, कनेक्टर गेलाय, तो सुटा मिळत नाही, १८,००० रुपयांचं नवं कार्ड घ्या. पाच रुपयांच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी? तो जगात मिळतच नाही का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : ताई, मिळतो. आणि तुमचा दुरुस्तीवालाही खोटं बोलत नाही, त्याला खरंच मिळत नसेल.

आधी रोग बघू. प्लग काढून खोचल्यावर माग चालतो, यातच निदान आहे. स्वस्त कनेक्टरच्या पिनांवर कथिलाचा मुलामा असतो. आपल्या पितळी पातेल्यांना कल्हई करतात, तीच जात. मागाच्या थरथरीनं पिन आणि टर्मिनल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहतात. दर घासणीला उघडं पडलेलं कथील हवेत गंजतं, त्याची काळी भुकटी तिथंच साचते आणि एके दिवशी करंट अडतो. तुम्ही प्लग खोचता तेव्हा भुकटी खरवडली जाते, म्हणून पंधरा दिवस निभावतं. त्यात टॉवेलच्या सुताची धूळ आणि आपला एप्रिल-मे. शिवाय कामगार प्लग काढताना त्याचं घर, म्हणजे प्लॅस्टिकचा भाग, धरून काढत नाहीत, वायरी धरून ओढतात. हे मी तीस वर्षं ओरडून सांगतोय.

आता बाजार. ॲम्फेनॉल, टीई कनेक्टिव्हिटी, मोलेक्स, जपानच्या जेएसटी आणि हिरोसे, चीनची लक्सशेअर ही कनेक्टर बनवणाऱ्यांतली मोठी नावं. पहिल्या दोघींची २०२४ मधली विक्री प्रत्येकी १५ अब्ज डॉलरच्या वर होती. त्यांची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे मोटारी, मोबाइल आणि हल्ली एआयची डेटा सेंटरं. तिथं माल नगावर जात नाही, रिळावर जातो. जेएसटीच्या एक्सएच मालिकेच्या वायरीकडच्या टर्मिनलांचं एक रीळ आठ हजारांचं! ते मशिनवर चढवायचं, मशिन वायर दाबून टर्मिनल कापत जातं. तुम्हाला हवीत दहा. तुकड्याची किंमत पाच रुपये असते ती आठ हजार घेणाऱ्यासाठी. दहा नग मोजून, पुडी बांधून विकायला कुणी बसत नाही, बसला तर त्याची मजुरी तुकड्यापेक्षा जास्त.

दुसरी भानगड नावांची. पिनांच्या उघड्या पट्टीला आपल्याकडे सगळे ‘बर्ग’ म्हणतात. बर्ग ही अमेरिकी कंपनी होती. १९९८ मध्ये ती फ्रेंच एफसीआयकडे गेली आणि २०१६ मध्ये एफसीआय ॲम्फेनॉलकडे. एएमपी ही अशीच एक कनेक्टर कंपनी १९९९ मध्ये टायको कंपनीनं घेतली, तिचंच पुढं टीई झालं. मोलेक्स २०१३ पासून कोक या अमेरिकी उद्योगसमूहाच्या घरात आहे. सासर बदललं की आडनाव बदलतं, तसं. पण भाग क्रमांक बऱ्याचदा तोच राहतो. तुमच्या कार्डाच्या जुन्या पुस्तकात ‘एएमपी’ आणि पुढं एक नंबर छापला असेल, तर तो नंबर टीईच्या यादीत शोधा. दुकानात कंपनीचं नाव सांगाल तर पोरगं मान हलवेल.

नंबर नसेल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, घ्या. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा आणि मधल्या फटींनी भागा, पिनांनी नव्हे. याला पिच म्हणतात. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. एकदा दहा पिनांचा प्लग बदलायचा होता. जेएसटी एक्सएचचं पिच २.५ मिमी, मोलेक्सच्या केके मालिकेतल्या नेहमीच्या प्रकाराचं २.५४. दोन पिनांना फरक कळत नाही. दहा पिनांमध्ये नऊ फटी, म्हणजे २२.५ विरुद्ध २२.८६. तिसरा भाग मिलिमीटर! मी अंगठ्यानं रेटून बसवला, ‘बसला की!’ म्हणालो. रात्रपाळीत माग थांबला. पिना तिरक्या होऊन सोल्डर चिरलं होतं. मालकानं पैसे मागितले नाहीत, पण त्या कारखान्याचं काम परत आलं नाही.

तेव्हा असं करा. प्लग आणि कार्डावरचं सॉकेट, दोन्ही एकाच मालिकेचं बदला. एकाचं घर आणि दुसऱ्याची टर्मिनलं, असली खिचडी नको. नवी पेठेत मिळालं तर उत्तम, नाहीतर हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला जा, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नमुना दाखवा, रात्री परत. नमुना नेल्याशिवाय जाऊ नका. टर्मिनल नोजप्लायरनं चिमटू नका आणि वर सोल्डरही ओतू नका, कारण सोल्डर भरलेली वायर थरथरीनं नेमकी कडेला तुटते. क्रिंपची योग्य पक्कड असलेल्याकडून दाबून घ्या. माझ्या हिशेबानं सगळं मिळून हजारात बसावं, त्यात रेल्वेचं तिकीट आलं.

आणि प्लगच्या वायरी कार्डाच्या जवळच एका क्लिपनं पत्र्याला बांधा. थरथर पिनांपर्यंत पोचायलाच नको.

प्रश्न : ऑनलाइन सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना दिसतात. महाग आहेत, पण टिकाऊ म्हणून त्या घेऊ का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही बाजू सोन्याच्या असतील तरच. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील आलं तर घासून कथील सोन्यावर चढतं आणि तिथं गंजतं, पैसे सोन्याचे आणि दुखणं तेच. सोनं गंजत नाही म्हणून ते बारीक सिग्नलला, वारंवार काढ-घाल होणाऱ्या जागी वापरतात. ‘सोनं’ म्हणून विकतात त्यावर थर किती मायक्रॉनचा आहे ते विचारा. उत्तर आलं नाही तर तो पिवळा रंग समजा. तुमच्या कार्डावरची जुनी पिन पांढुरकी असेल तर गुमान कल्हईचीच घ्या.