हेड बदलू की दुरुस्त करू?

प्रश्न : माझ्या जुन्या सिंगल सिलिंडर मोटरसायकलच्या हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) आणि बॅरल (सिलिंडरचा नळीसारखा भाग) यांच्या सांध्यातून फुसफुस आवाज येतो, काळा ओघळही दिसतो. नवं हेड घ्यावं का?

उत्तर : घाई नको, मूळ हेड जपा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच नट समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करा. गरम ॲल्युमिनियम वाकतं. सरळ पोलादी पट्टी हेडच्या तळावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरा आणि खाली ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) सरकतो का बघा. सरकला तर हेड वाकलंय, फेसिंग (तळ घासून सपाट करणं) करून घ्या. व्हॉल्व्ह सीटपासून (झडप टेकते त्या कडीपासून) स्पार्क प्लगच्या भोकापर्यंत तडा असेल तर मात्र मी हेड बदलतोच. तांब्याचं गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ चकती) मंद लाल तापवून पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होतं. त्यावरची काजळी तेवढी नीट पुसा.