वाचकांचे प्रश्न : जुन्या घड्याळातले पिंजऱ्यासारखे चाक

प्रश्न : आजोबांनी घेतलेले लंबकाचे अमेरिकन घड्याळ दुरुस्तीसाठी उघडले, तेव्हा त्यातील छोट्या चाकांना दातेच नसून दोन पितळी चकत्यांच्या मध्ये तारेचे तुकडे बसवलेले दिसले. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, ही हलक्या मालाची खूण आहे. हे खरे आहे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : घड्याळ स्वस्त होते, एवढे खरे, पण हे चाक हलके नव्हे. त्याला लँटर्न पिनियन म्हणतात. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात चॉन्सी जेरोम आणि त्याच्या समव्यवसायी कारखानदारांनी 1830 च्या दशकाच्या अखेरीपासून पितळेच्या पत्र्यातून चाके छापून काढायला सुरुवात केली. त्या पद्धतीत पोलादी कांबीतून छोट्या चाकाचे दाते कोरण्यापेक्षा पोलादी तारेचे तुकडे चकत्यांच्या भोकांत बसवणे कितीतरी सोपे होते. 1842 मध्ये जेरोमची घड्याळे इंग्लंडच्या बाजारात जाऊन पोहोचली, ती मुख्यतः किमतीच्या जोरावर.

मात्र स्वस्ताईखेरीज या रचनेला यांत्रिक गुणही आहे, आणि तो आपल्या घड्याळाच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे. घड्याळात स्प्रिंगची ताकद संथ चालणाऱ्या चाकाकडून भरभर फिरणाऱ्या चाकाकडे जाते. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर मोठे चाक छोट्याला फिरवते. मोठ्या चाकाला 72 दाते आणि छोट्यात 8 तारा असतील, तर मोठ्याच्या एका फेऱ्यात छोट्याचे 9 फेरे होतात. आता दोन्ही चाकांच्या आसांना जोडणारी एक रेषा मनात धरावी. दाते या रेषेपाशी पोहोचण्यापूर्वी एकमेकांना भिडले, तर ते एकमेकांत रुततात आणि घर्षण वाढते. रेषा ओलांडल्यानंतर भिडले, तर ते एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे काम हलके होते. मोठे चाक चालवणारे असले आणि छोट्यात गोल तारा असल्या, तर जवळजवळ सगळा स्पर्श रेषा ओलांडल्यानंतर घडतो. शिवाय धूळ तारांच्या फटींतून खाली पडते, आणि दोन आसांमधील अंतर किंचित चुकले तरी चाके अडत नाहीत. छोट्या चाकाने मोठ्याला ओढायचे असेल, तर मात्र हाच गुण दोष ठरतो, कारण मग सगळा स्पर्श रेषेच्या अलीकडे होतो. दुरुस्तीचा खर्च करण्यासारखे हे घड्याळ नक्कीच आहे.

प्रश्न : 2019 च्या महापुरात गणपती पेठेतील आमच्या दुकानातले असेच घड्याळ पाण्याखाली गेले. पितळ साफ झाले आहे, पण तारा गंजल्या असून काहींवर खाचा आहेत. तेल सोडले तर चालेल का, की चाकच बदलावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही नको. तारा तेवढ्या बदलाव्यात. या रचनेची मोठी सोय तीच आहे. खाचा मात्र बहुधा पुराच्या आधीच्या असतील. मऊ पितळ कठीण पोलादाला कसे खाईल, असे वाटणे साहजिक आहे. पण हवेतील बारीक धूळ मऊ पितळात रुतून बसते आणि मग ते पितळी दाते पोलादाला कानशीसारखे घासत राहतात. म्हणूनच या तारांना आणि दात्यांना तेल कधीही लावू नये, कारण तेलात धूळ धरून नेमका हाच लेप तयार होतो. तेल आसांच्या टोकांना, लंबकाला झोका देणाऱ्या आकड्याला आणि स्प्रिंगला द्यावे, तेही जेमतेम.

चकतीची जी कड ठोकून तारा अडवलेल्या असतात, ती मोकळी करून घड्याळजी जुन्या तारा ओढून काढतो. नव्या तारा गुळगुळीत पोलादाच्या, जुन्यांच्या मूळ जाडीच्या आणि सगळ्या एकाच वेळी घालाव्यात. एकच बदलली, तर ती झिजलेल्या सोबतिणींशी जुळत नाही. जाड घातली, तर दात्यांमध्ये अडकते. हे काम घरी करू पाहणाऱ्यांना एक ताकीद द्यायलाच हवी : स्प्रिंगचा सगळा ताण चावीने हळूहळू सोडवल्याशिवाय चाके ज्यांच्यामध्ये बसवलेली असतात त्या पट्ट्यांचे स्क्रू सैल करू नयेत, कारण ताणलेली स्प्रिंग एकदम सुटली तर चाकांचे दाते मोडतात आणि बोटेही फाटतात.

प्रश्न : अशी चाके फक्त घड्याळातच असत का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : नाही. युरोपातील पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांमध्ये लाकडी पिंजरे शेकडो वर्षे चालले. मोठ्या चाकाच्या बाजूला ठोकलेल्या खुंट्या पिंजऱ्याच्या दांड्यांत अडकत, त्यामुळे आडव्या आसाची गती काटकोनात वळून उभ्या आसावरच्या जात्याला मिळत असे. बैलांनी ओढायच्या रहाटातही खुंट्यांच्या दोन चाकांची अशीच काटकोनी जोडी असते. तिथे अचूकपणा बेताचाच असतो, आणि एखादी खुंटी मोडली तर गावचा सुतार नवी ठोकून देऊ शकतो.