पन्नास टक्के सवलत महाग पडते तेव्हा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही विट्याचे, कृषी सेवा केंद्र चालवता, दोघा नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाख ४० हजार. लेक ओबीसीतून इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) आहे, जातपडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर दोन्ही हातात आहेत. पर्याय तीन. पुण्याचं विनाअनुदानित कॉलेज, कॉम्प्युटर, फी वर्षाला १ लाख ४८ हजार. घरापासून दीड-दोन तासांवरचं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल, फी ३४ हजार. आणि पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ, एआय-डेटा सायन्स, फी ३ लाख ६० हजार, पण "मेरिट स्कॉलरशिप ५० टक्के", म्हणजे १ लाख ८० हजार. तुमचं म्हणणं असं, की सरकारी कॉलेजात आवडीची ब्रँच नाही, आणि बाकीच्या दोघांत फरक फक्त ३२ हजारांचा, मग विद्यापीठ का नको? तिथला कॅम्पस बघून लेकही खूश आहे.

मी १७ वर्षं एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसलो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी जुलै उजाडला की फोन सुरू होतात. तुमच्यासारखा ३२ हजारांचा हिशोब करून आलेले किती आईबाप पाहिले, मोजदाद नाही. हा फरक ३२ हजारांचा नाहीच.

तुमच्या मुलीला पुण्याच्या त्या कॉलेजात शिक्षण शुल्क भरायचंच नाहीये. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची १०० टक्के सवलत आहे. आधी ती ५० टक्के होती. तुम्ही १ लाख ४८ हजार धरून बसलात, पण त्यातले १ लाख ३२ हजार शिक्षण शुल्क आहे, असं तुम्हीच पाठवलेल्या फीच्या तक्त्यावर दिसतंय. उरले १६ हजार, म्हणजे विकास शुल्क आणि किरकोळ. तेवढे तुम्हाला भरावे लागतील, कारण सवलत विकास शुल्काला नाही.

आणि ही सवलत अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू नाही. तिथली "५० टक्के मेरिट" ही त्यांची स्वतःची सवलत, त्यांच्याच अटींवर. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्यानुसार, आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. खासगी विद्यापीठ त्या चौकटीबाहेर. आधी फी ३ लाख ६० हजार लावायची, मग त्यातली निम्मी सोडायची. कापडाच्या दुकानात पाटीवरची किंमत खोडून खाली दुसरी लिहितात, त्यातलाच प्रकार म्हणा. सगळेच तसं करतात असं नाही, पण छापील फी पूर्ण भरणारे किती आणि सवलतवाले किती, हे तिथल्या दोन-चार मुलांना विचारून बघा. सगळीच सवलतवाली निघाली, तर मेरिट कसलं?

आता चार वर्षांचा हिशोब मांडू. आकडे तुमचेच.

पुण्याचं कॉलेज: १६ हजार फी, खोली साडेसहा हजार आणि मेस साडेतीन हजार, अकरा महिने धरले तर १ लाख १० हजार. वर्षाला १ लाख २६ हजार. चार वर्षांत ५ लाख ४ हजार.

सरकारी: तिथेही शिक्षण शुल्क माफ, उरले ९ हजार. वसतिगृह-मेस मिळून तुम्ही ४२ हजार लिहिलेत. वर्षाला ५१ हजार, चार वर्षांत २ लाख ४ हजार.

विद्यापीठ: १ लाख ८० हजार फी, वर वसतिगृह सक्तीचं, १ लाख ६० हजार. पहिल्या वर्षी ३ लाख ४० हजार. सवलत चारही वर्षं टिकली तर १३ लाख ६० हजार. पहिल्या वर्षानंतर गेली तर उरलेल्या तीन वर्षांना ५ लाख २० हजारांनी, एकूण १९ लाख. यात दरवर्षीची फीवाढ धरलेली नाही.

"गेली तर" असं मी उगाच लिहीत नाही. तुम्ही पाठवलेल्या ऑफर लेटरच्या फोटोत खाली बारीक अक्षरात आहे, सवलत पुढे चालू राहण्यासाठी दर सत्रात ८.५ सीजीपीए (दहापैकी गुणांची सरासरी) आणि एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-१, एम-२ या गणिताच्या पेपरांनी भल्याभल्या मुलांना लोळवलेलं मी पाहिलंय. बारावीला पीसीएममध्ये ९० टक्के मिळवलेली मुलगी पहिल्या सत्रात ७.२ वर येणं यात नवल काहीच नाही. लेखी विचारा: एकदा खाली आली आणि पुढच्या सत्रात पुन्हा वर गेली, तर सवलत परत मिळते का? आणि सवलत फक्त शिक्षण शुल्कावर आहे की पूर्ण फीवर? तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेल मागा.

सरकारी सवलतीलाही अटी आहेत, पण त्या सोप्या. दरवर्षी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, हजेरी ठेवायची, परीक्षा द्यायची. वर्ष राहिलं तर तेवढ्यापुरती अडचण येते. साडेआठचा फास नाही.

सगळ्यात महत्त्वाची अट मात्र प्रवेशाच्या वाटेची आहे. प्रवेश कॅपमधूनच हवा. विनाअनुदानित कॉलेजात २० टक्के जागा संस्था पातळीवर भरतात, आणि कॅप संपल्यावर उरलेल्या जागाही तिथेच जातात. त्या जागेवर बसलात की शिष्यवृत्ती नाही. आमच्याकडे एक मुलगी होती, पंढरपूरकडची. कॅपमधून मेकॅनिकल मिळालं होतं. वडिलांना कुणीतरी सांगितलं, ती जागा सोडा, आयटी संस्था पातळीवर मिळेल, कॉलेज तेच, फी तीच. फी खरंच तीच होती. फक्त ती आता अख्खी त्यांना भरायची होती. ऑक्टोबरात ते खिडकीवर आले, तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं. तेव्हापासून कुणी "ब्रँच बदलून देतो" म्हणालं की मी आधी विचारतो, कॅपमधून की बाहेरून? तुम्हीही हेच विचारा.

दुसरी गोष्ट पैसे कधी येतात त्याची. सवलत कागदावर १०० टक्के असली तरी रक्कम हप्त्यांनी येते, आणि हप्ता वेळेवर येईलच असं धरू नका. काही कॉलेजं प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागतात, काही हमीपत्र लिहून घेतात. जे शुल्क शासन भरणार आहे ते विद्यार्थ्याकडून आधी वसूल करू नये, अशा सूचना आहेत. कॉलेजला नम्रपणे पण ठाम विचारा, शक्यतो अर्ज देऊन आणि पोच घेऊन. तरीही पहिल्या वर्षी ५०-६० हजार हाताशी ठेवा. कृषी सेवा केंद्राचा हंगाम आणि फीची तारीख एकत्र येते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधारचं काम आजच करा. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं तेच धरलं जातं. एका मुलाचे पैसे त्याने कधीतरी मोबाइलवर उघडलेल्या, स्वतःच विसरलेल्या खात्यात दोन वर्षं पडून होते. आम्ही अर्जावर अर्ज करत बसलो आणि पैसे तिथे निवांत.

आता सरकारी कॉलेजबद्दल, कारण तुम्ही ते फारच पटकन बाजूला टाकलंय. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठी आहे. वर्षाला ५० हजार, उत्पन्नमर्यादा ८ लाख, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, निवड बारावीच्या गुणांवर. मात्र ती घेताना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. पुण्याच्या कॉलेजात याचा उपयोग शून्य, १ लाख ३२ हजार सोडून ५० हजार कोण घेईल? पण सरकारी कॉलेजात शिक्षण शुल्क जेमतेम २५ हजार आहे. तिथे राज्याची सवलत सोडून प्रगती घेतली तर २५ हजार भरून ५० हजार मिळतात. वर्षाचा खर्च ५१ हजारांवरून २६ हजारांवर येतो. चार वर्षांची इंजिनिअरिंग सव्वा लाखाच्या आत. निवड होईलच असं नाही, म्हणून यादी लागेपर्यंत राज्याचा अर्ज सोडू नका. दोन्हीकडे नाव आलं तर मग एक निवडा.

म्हणजे खरा सवाल पुणे की सरकारी, इतकाच. फरक चार वर्षांत ३ लाखांचा, प्रगती मिळाली तर ४ लाखांचा. या पैशात काय मिळतं? कॉम्प्युटर ब्रँच आणि पुणे. माझं मत विचाराल तर, मुलीला कोडिंगची खरंच ओढ असेल, म्हणजे बारावीत तिने स्वतःहून काही करून पाहिलं असेल, तर ३ लाख जास्त नाहीत, पुणे घ्या. नुसतं "सगळे कॉम्प्युटर घेतात" म्हणून असेल तर इलेक्ट्रिकल वाईट नाही. महावितरण-महापारेषणच्या भरतीला ती चालते, एम.टेक.साठीची गेट परीक्षा देता येते, आणि सॉफ्टवेअर कंपन्या ब्रँच न बघता मुलं घेतात हे मी कॅम्पसला दरवर्षी पाहिलंय. सरकारी कॉलेजची प्रयोगशाळा मात्र जाऊन बघा. काही ठिकाणी यंत्रं आमच्या काळातली आहेत.

विद्यापीठासाठी तुम्ही कर्जाचा विषय काढलात म्हणून तेही लिहितो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून लोक बिनधास्त होतात. समजा ८ लाख घेतलेत, दरवर्षी २ लाख उचललेत, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. सरळव्याजाने पहिल्या २ लाखांवर १ लाख, दुसऱ्यावर ८० हजार, मग ६०, मग ४०. हप्ता सुरू होण्याआधीच २ लाख ८० हजार चढलेले. १० लाख ८० हजारांचे दहा वर्षांचे हप्ते केले तर महिना सुमारे १४ हजार २७० रुपये, एकूण फेड १७ लाखांच्या वर. मुलीची पहिली नोकरी २५ हजारांची असेल तर महिनाअखेर काय उरेल ते तुम्हीच बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती ठरावीक नामांकित संस्थांनाच. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पोर्टलवर तपासा, त्यांच्या समुपदेशकाच्या तोंडी शब्दावर नको.

जागा राखायला त्या विद्यापीठाने ५० हजार मागितलेत ना, "शुक्रवारपर्यंत"? भरू नका. भरलेच असतील तर पावती जपा. २०२४-२५ साठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. यंदाची तारीख यूजीसीच्या परिपत्रकात बघून घ्या.

पुण्यात राहण्याचा खर्च कमी करायचा असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज टाका. १९५५ पासूनची संस्था आहे, गावाकडच्या मुलांसाठीच आहे. मुलाखत घेतात, कामंही करायला लावतात, आणि ते चांगलंच. तिथे जागा मिळाली तर वरचा १ लाख १० हजारांचा आकडा बराच खाली येईल.

धाकट्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, यंदा दहावीला. त्याच्या वेळी हिशोब वेगळा असेल, मुलींची ही सवलत त्याला नाही. मुलाला ओबीसीतून शिक्षण शुल्काची निम्मी मदत, नाहीतर टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची, जागा. मंजूर जागांच्या ५ टक्के, म्हणजे ६० च्या तुकडीला तीन, आणि कटऑफ बहुधा साध्या जागेपेक्षा वर. पर्याय भरताना शेवटी 'टी' असलेला कोड तोच. त्याला आत्तापासून सांगून ठेवा, तीन जागांत बसायचं तर किती पर्सेंटाइल लागतील ते.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात लेकीचं बोलणं एकाच ठिकाणी आहे, कॅम्पस आवडला म्हणून. इलेक्ट्रिकलबद्दल ती काय म्हणते? तिला हे आकडे दाखवा, आणि काय म्हणाली ते इथेच लिहा. कॅपचा रिपोर्टिंगचा, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करण्याचा, शेवटचा दिवस कधी आहे तेही कळवा. अर्जाचं काही अडलं तर रात्री नऊनंतर मी इथे असतो.