पिवळ्या मलावी सिक्लिड माशाची मादी आठवडाभर खात नाही, गळाही फुगलाय. आजारी आहे का?

नाही, बहुतेक तिच्या तोंडात अंडी आहेत. मलावी सरोवरातल्या या जातीची मादी अंडी तोंडातच उबवते, साधारण ३ आठवडे, आणि तेवढे दिवस जवळपास उपाशीच राहते. नीट बघा, हनुवटीखालची पिशवी खाली आलेली दिसेल आणि मधूनमधून ती चघळल्यासारखं तोंड हलवेल. अंडी घोळवत असते ती. माझ्याकडे शाहूपुरीत दोनदा बघितलंय. जाळीनं पकडायला जाऊ नका, घाबरली की थुंकते नाहीतर गिळून टाकते. आपल्याकडं डिसेंबरातल्या रात्री हीटर २५-२६ अंशांवर हवाच, पाणी गार पडलं की पिल्लांना वेळ लागतो. मात्र फुगवटा गळ्याऐवजी पोटाला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर ब्लोटची, म्हणजे पोट फुगण्याच्या आजाराची, शंका घ्या; मग मासा वेगळ्या टाकीत काढा.